कंबोडियाला जाताय? नुसती देवळं बघून परत येऊ नका

अंगकोर वाट या देवळाच्या पूर्वेकडच्या गॅलरीत समुद्रमंथन कोरलंय. जवळपास ४९ मीटर लांब भिंत, एका बाजूला ९२ असुर, दुसऱ्या बाजूला ८८ देव, मधे विष्णू, खाली कूर्म. वासुकीवरून हात फिरवत फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालावंसं वाटतं (फिरवायचा नाही, त्याबद्दल पुढे). तिथे उभी राहून माझी मावशी चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "अगं, हे तर सगळं आपलंच!" आमच्या गाईडला मराठी येत नव्हतं, पण 'आपला-अपना' एवढं त्याला बरोब्बर कळत होतं कारण भारतातून येणारा प्रत्येक ग्रुप त्याच जागी तेच म्हणतो. तो हसून म्हणाला, मॅडम, मग तुमच्याकडे एवढं मोठं समुद्रमंथन कुठे आहे? आम्ही दोघी विचार करत बसलो.

तर हा लेख पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी. 'व्हिएतनाम-कंबोडिया ६ रात्री ७ दिवस' वाल्यांनीही वाचायला हरकत नाही, पण त्या पॅकेजमध्ये कंबोडियाच्या वाट्याला दीड दिवस येतो आणि त्या दीड दिवसात माणूस 'आपलंच' एवढंच म्हणून परत येतो. निदान आठ दिवस काढा. जमत नसेल तर व्हिएतनाम पुढच्या वर्षी करा.

पहिली गोष्ट : कधी जायचं आणि आधी कुठे उतरायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा बरी असते. एप्रिलमध्ये भट्टी असते, दगडाच्या देवळात दुपारी बारा वाजता उभं राहून बघा म्हणजे कळेल. मे ते ऑक्टोबर पाऊस, पण गर्दी कमी, हिरवंगार, आणि पाऊस बहुतेक दुपारी येऊन जातो, आपल्याला पावसाचं काय कौतुक.

तारखा ठरवताना आपलं कालनिर्णय समोर ठेवा, गंमत नाही करत. तिकडचा सगळ्यात मोठा पाणी-उत्सव, बोट शर्यतींचा, कार्तिकी पौर्णिमेला असतो, त्यांच्या महिन्याचं नावही कार्तिकचंच आहे, नुसतं उच्चारात बदललंय. आणि भाद्रपदाच्या वद्य पक्षात पंधरा दिवस प्चुम बेन. हे 'बेन' म्हणजे पिंड. खरंच. पहाटे अंधारात लोक बौद्ध विहारात जातात, चिकट भाताचे गोळे आवाराभोवती अंधारात टाकतात, गेलेल्या माणसांसाठी, आणि ज्यांचं नाव घ्यायला कुणीच उरलेलं नाही अशांसाठीही. आपला पितृपक्ष आणि तो बहुतेक वर्षी अगदी एकाच वेळी येतो. फरक असा की आपल्याकडे पितृपक्षात शुभ काम नको म्हणून सगळं थंड असतं आणि तिकडे सगळा देश गावाकडे निघालेला असतो, बस मिळत नाही, शेवटच्या तीन दिवसांत दुकानं बंद. नुसती ट्रिप करायची असेल तर ते दिवस टाळा, पण थांबून बघायची तयारी असेल तर त्यासारखे दिवस नाहीत.

बहुतेक लोक सरळ सिएम रीपला उतरतात कारण अंगकोर तिथे आहे. माझं मत उलटं आहे, आधी राजधानी नॉम पेन, दोन-तीन रात्री, मग बसने सहा-एक तासांत सिएम रीप, चार रात्री. कारण नॉम पेनला जे बघाल त्यानंतर अंगकोरमध्ये भेटणाऱ्या पन्नाशी-साठीच्या प्रत्येक माणसाकडे तुम्ही वेगळ्या नजरेने बघाल. उलटं केलंत तर शेवटचे दोन दिवस जड होऊन घरी याल.

दुसरी : कागदपत्रं आणि पैसे (हे पटकन उरकू)

टुरिस्ट व्हिसा ऑनलाइन मिळतो, सरकारी फी ३० डॉलर आणि वर थोडी प्रोसेसिंग. कंबोडियाच्या सरकारी साइटसारख्याच दिसणाऱ्या दहा साइट आहेत ज्या दुप्पट पैसे घेतात, तेव्हा पत्ता दोनदा वाचा. उतरण्याआधी एक ई-अरायव्हल फॉर्म भरायचा असतो, तो फुकट आहे, त्याचे कुणी पैसे मागितले तर तिथूनच मागे फिरा. मुंबई-पुण्याहून बँकॉक, क्वालालंपूर, सिंगापूर किंवा हो ची मिन्ह सिटी करून जावं लागतं. पूर्वी लोक बँकॉकहून बसनेही जायचे, पण २०२५ मध्ये थायलंड-कंबोडियात लढाई झाली आणि जमिनीवरच्या चौक्या बंद झाल्या, त्यामुळे जायच्या आठवड्यात काय परिस्थिती आहे ते बघितल्याशिवाय तो रस्ता धरू नका.

डॉलर सगळीकडे चालतात. सुट्टे म्हणून रिएल परत मिळतात, एका डॉलरला साधारण चार हजार. पण डॉलरची नोट जरा फाटलेली, कोपरा दुमडून चिरलेली असली की भाजीवालीसुद्धा परत करते. इथूनच कोऱ्या, छोट्या नोटा घेऊन जा.

तिसरी : तीन शब्द शिका

नमस्कार तसाच, हात जोडून. नियम सोपा, जितका मोठा माणूस तितके हात वर. छातीशी बरोबरीच्यांना, भिक्खूंना भुवयांशी. तोंडाने 'जुम रीप सुअर'. आभार मानायला 'ऑर कुन'. आणि सगळ्यात कामाचा शब्द 'बाँग', म्हणजे वयाने मोठा भाऊ किंवा बहीण. टुकटुकवाला बाँग, चहावाली बाँग. आपण दादा-ताई म्हणतो तसंच. 'हेलो मिस्टर' म्हणण्याऐवजी बाँग म्हणून बघा, चेहरा बदलतो समोरच्याचा.

आता बाकीचे शब्द तुम्हाला आधीच येतात. मुख म्हणजे मुख. भाषेला 'फिअसा'. आहाराला 'आहा'. गुरूला 'क्रू', शिक्षकाला रोज हाक मारतात ती हीच. अंगकोर हा 'नकॉर' म्हणजे नगर या शब्दाचाच भाऊ, देवळाला 'प्रासात', म्हणजे प्रासाद. रामायणाची त्यांची आवृत्ती 'रिअमकेर', रामकीर्ती. आणि शाळेला म्हणतात 'साला' (रस्त्यावर पाटीकडे बोट दाखवून मोठ्याने वाचू नका, बरोबरचे मराठी लोक दचकतात). हे शब्द गेले हजार-दीड हजार वर्षं त्यांच्या तोंडात घोळून त्यांचे झालेत. आपण 'टेबल' म्हणताना आपल्याला इंग्रज आठवत नाही, तसंच त्यांना प्रासात म्हणताना आपण आठवत नाही. हे एकदा डोक्यात बसलं की 'आपलंच' म्हणायची खुमखुमी आपोआप कमी होते.

चौथी : साला आणि क्रू

हे दोन शब्द मुद्दाम सांगितले, कारण नॉम पेनमधल्या तुओल स्लेंग या संग्रहालयाला हेच दोन शब्द डोक्यात घेऊन जायचंय.

थोडक्यात पार्श्वभूमी. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेने कंबोडियावर बेसुमार बॉम्ब टाकले, १९७० पासून देशात यादवी, आणि १७ एप्रिल १९७५ ला ख्मेर रूज या कट्टर कम्युनिस्ट गटाचे सैनिक नॉम पेनमध्ये शिरले. लोकांना वाटलं युद्ध संपलं, रस्त्यावर येऊन स्वागत केलं. काही तासांत सगळं शहर रिकामं करायचा हुकूम आला, हॉस्पिटलातल्या पेशंटसकट. पैसा बंद, बाजार बंद, शाळा बंद, सगळ्यांनी शेतात राबायचं. ७ जानेवारी १९७९ ला व्हिएतनामच्या सैन्याने त्यांना हाकललं तोपर्यंत साधारण ८० लाखांच्या देशात १७ ते २० लाख माणसं मेली होती, उपासमारीने, रोगाने, कामाने आणि सरळ सरळ मारून. चारातला एक धरा.

तुओल स्लेंग ही शाळा होती. तीन मजली इमारती, मधे मैदान, कॉरिडॉर, आपल्या कुठल्याही झेडपीच्या किंवा म्युनिसिपालिटीच्या मोठ्या शाळेसारखी, आणि तेच अंगावर येतं. वर्गात विटांच्या भिंती घालून माणूस जेमतेम मावेल एवढ्या कोठड्या. फळा अजून आहे काही खोल्यांत. व्हरांड्याला काटेरी तारांची जाळी, ती कुणी पळून जाऊ नये म्हणून असेल असं मला वाटलं, तर ऑडिओ गाईड सांगतो की कैद्यांनी वरून उडी टाकून जीव देऊ नये म्हणून. मैदानातला व्यायामाचा आडवा दांडा माणसं उलटी टांगायला वापरला. या तुरुंगाचं सांकेतिक नाव एस-२१ आणि त्याचा प्रमुख डुक, हा पूर्वी गणिताचा मास्तर. साला आणि क्रू. पुढे खास न्यायालयात त्याच्यावर खटला चालला, निदान १२ हजार २७२ बळी त्या निकालात नोंदले आहेत, २०१२ ला अपिलात जन्मठेप झाली आणि २०२० मध्ये तो कैदेतच मेला. वाचलेले लोक बोटांवर मोजण्याइतके.

कैद्यांचे फोटो ओळीने लावलेत. प्रत्येक माणसाचा आत येताना फोटो काढायचे, नोंदी ठेवायचे, व्यवस्थित, मास्तरी शिस्तीत. मी एका मुलीच्या फोटोसमोर थांबले, केस कानापर्यंत कापलेले, शर्टला नंबर लावलेला. मावशी शिक्षिका होती, तीस वर्षं, ती तिसऱ्या खोलीनंतर बाहेर येऊन झाडाखाली बसली आणि परत आत आली नाही. हेही चालतं. सगळं बघायचंच अशी सक्ती नाही, बसायला बाक आहेत.

करायच्या गोष्टी : सकाळी उघडल्या उघडल्या जा, ऑडिओ गाईड घ्या, दोन-अडीच तास ठेवा. खांदे-गुडघे झाकलेले कपडे. आत हसू नका अशी चक्क पाटी आहे, आणि ती पाटी लावावी लागली यातच काय ते आलं. कोठडीत उभं राहून स्वतःचा फोटो काढू नका, इतकं तर सांगायला नको, पण मी काढताना बघितलंय.

तिथून 'चोएंग एक' नावाची जागा, शहरापासून पंधरा-सोळा किलोमीटर, जिथे कैद्यांना रात्री ट्रकने नेऊन मारायचे. पूर्वी तिथे चिनी लोकांची दफनभूमी आणि फळबाग होती. जवळपास ९ हजार जणांचे अवशेष काढले, ते १९८८ साली बांधलेल्या काचेच्या स्तूपात ठेवलेत. सगळे खड्डे उकरलेले नाहीत. पाऊस झाला की हाडं, दात, कपड्याच्या चिंध्या अजून वर येतात. आम्ही गेलो तेव्हा आदल्या रात्री पडून गेला होता, पायवाटेच्या कडेला मातीतून निळ्या कापडाचा एक कोपरा बाहेर आलेला, आपण अंगणात जुनं फडकं बघतो तसा. हात लावायचा नाही, तिथले कर्मचारी ठराविक काळाने गोळा करतात. वाट सोडून चालायचं नाही.

या रस्त्यावर काही टुकटुकवाले विचारतात की जवळच रायफल चालवायला मिळते, जाऊया का. ज्या दिवशी हे बघितलं त्याच दिवशी गोळ्या झाडायला जाणारे लोक आहेत म्हणून ते विचारतात. नाही म्हणा.

तुओल स्लेंग, चोएंग एक आणि आणखी एक तुरुंग-स्थळ मिळून २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत आले. त्याच अधिवेशनात आपले मराठ्यांचे किल्ले आले, रायगड-शिवनेरी वगैरे, आपण पेढे वाटत होतो तेव्हा शेजारच्याच ओळीत हे नाव होतं.

आणि आपला आणखी एक संबंध, जो आपल्यातच फार कुणाला माहीत नसतो. १९७९ नंतरही बरीच वर्षं युनोत कंबोडियाची खुर्ची ख्मेर रूजच्याच बाजूकडे होती. भारताने मात्र १९८० मध्ये नव्या सरकारला मान्यता दिली, साम्यवादी गट सोडला तर असे देश फार थोडे होते. म्हणूनच १९८६ ते १९९३ मध्ये, युद्ध धड संपलेलं नसताना, आपलं पुरातत्त्व खातं अंगकोर वाटची दुरुस्ती करत होतं. दगड साफ करायला वापरलेल्या केमिकलवरून पुढे टीका झाली, ती खोटी नव्हती, पण दुसरं फारसं कुणी यायला तयार नव्हतं हेही खरं. गाईडशी बोलताना हा विषय काढा, 'आपलं समुद्रमंथन'पेक्षा चांगल्या गप्पा होतात.

पाचवी : भीम-दुर्योधनाला भेटायला राष्ट्रीय संग्रहालय

नॉम पेनमध्येच, राजवाड्याशेजारी, लाल रंगाची इमारत. इथे एक गोष्ट चुकवू नका. कोह केर नावाच्या जुन्या राजधानीत दहाव्या शतकात गदायुद्धाचं शिल्प होतं, माणसाएवढ्या सुट्या मूर्ती, भीम आणि दुर्योधन समोरासमोर आणि भोवती बसून बघणारे बाकीचे पांडव वगैरे. यादवीच्या काळात चोरांनी या मूर्ती घोट्यापासून तोडल्या आणि विकल्या. पाय तिथेच चौथऱ्यावर राहिले. दुर्योधन २०११ मध्ये न्यूयॉर्कला लिलावात आला आणि तिकडे चौथऱ्यावर उरलेल्या पावलांवरून ओळख पटली की हा तिथलाच. दोन बसलेल्या मूर्ती न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने २०१३ मध्ये परत केल्या, भीम कॅलिफोर्नियाहून आणि दुर्योधन न्यूयॉर्कहून २०१४ मध्ये घरी आले. आता समोरासमोर आहेत. दुर्योधन उडी मारायच्या पवित्र्यात आहे, आणि खरं सांगते, तिथे तो खलनायक वाटत नाही, हरणार हे माहीत असून उभा राहिलेला माणूस वाटतो.

त्यामुळे बाजारात कुणी 'जुनं, खरं, देवळातलं' म्हणून दगडाचं डोकं दाखवलं तर घेऊ नका. खोटं असेल तर फसाल, खरं असेल तर चोर ठराल.

सहावी : अंगकोरचं तिकीट आणि तीन दिवस कसे वापरायचे

पास एक दिवसाचा ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२, सात दिवसांचा ७२. तीन दिवसांचा घ्या, तो दहा दिवसांत कधीही तीन दिवस वापरता येतो, सलग नको. बारा वर्षांखालच्या पोरांना तिकीट नाही पण पासपोर्ट दाखवावा लागतो. प्रत्येक पासातले २ डॉलर कांथा बोफा या मुलांच्या हॉस्पिटलला जातात, ते शेवटी सांगते.

सूर्योदय बघायचाच असेल तर बघा, पण समोरच्या तळ्याकाठी पाचशे लोक मोबाइल वर करून उभे असतात, गणपती विसर्जनाला चौपाटीवर असतात तसे. अंगकोर वाटचं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे सगळे पश्चिमेकडून येतात. तुम्ही पूर्वेच्या दरवाजाने आत शिरा, झाडीतून वाट येते, पहाटे तिथे कुणी नसतं, आणि समुद्रमंथनाची गॅलरी त्याच बाजूला आहे, म्हणजे गर्दी तळ्यावर असताना तुम्ही आणि ते १८० देव-असुर एवढेच. मग पश्चिमेच्या गॅलरीत कुरुक्षेत्र बघा, शरपंजरी भीष्म शोधा, सापडतो. वरच्या शिखराच्या मजल्यावर जायला खांदे-गुडघे झाकलेलेच लागतात, ओढणी गुंडाळून चालत नाही, आणि बारा वर्षांखालच्यांना सोडत नाहीत. त्यांच्या उपोसथाच्या (बौद्ध व्रताच्या) दिवशी तो मजला बंद असतो.

भिंतींना हात लावू नका. लाखो हातांचा घाम लागून काही अप्सरांची छाती काळी-चकचकीत झालीय, ते बघून लाजच वाटते.

बायोन हे देऊळ माझं आवडतं. वरचे मोठे चेहरे सगळे बघतात, पण खालच्या बाहेरच्या गॅलरीत बाराव्या-तेराव्या शतकातला रोजचा बाजार आहे. कोंबड्यांची झुंज आणि भोवती पैज लावणारे, मासे विकणाऱ्या बायका, पटावर खेळणारे दोघे, स्वयंपाक, एक बाळंत होणारी बाई. राजे-देव सगळीकडे असतात हो, पण आठशे वर्षांपूर्वीची मासेवाली तराजू धरून बसलेली कुठे बघायला मिळते. इथे तास काढा.

ता प्रोम, झाडांच्या मुळांचं देऊळ, राजा सातव्या जयवर्मनने आईच्या स्मरणार्थ ११८६ मध्ये बांधलं. तिथली दुरुस्तीही आपल्या पुरातत्त्व खात्याने केलीय. पण तिथल्या शिलालेखात काय आहे ते ऐका. हे एक देऊळ चालवायला ३,१४० गावं आणि जवळपास ८० हजार माणसं लावलेली होती. म्हणजे भात पिकवणारे, सेवा करणारे, नाचणारे. त्याच शिलालेखात राजाने राज्यात चालवलेल्या १०२ आरोग्यशाळांचाही हिशोब आहे. दोन्ही गोष्टी एकाच दगडावर.

आजच्या माणसांचाही प्रश्न तिथे आहेच. अंगकोरच्या परिसरात पिढ्यानपिढ्या राहणारी साधारण १० हजार कुटुंबं २०२२ पासून लांब नव्या वसाहतीत हलवली जातायत. सरकार म्हणतं स्वखुशीने, ॲम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेने २०२३ मध्ये म्हटलं की हे जबरदस्तीचं विस्थापन आहे. तुमच्या बाँगला हे थेट तोंडावर विचारू नका, त्याला अडचणीत आणाल. तो आपणहून बोलला तर ऐका.

टुकटुक दिवसभरासाठी ठरवा, मी १८-२० डॉलर दिले. लायसन्स असलेला स्थानिक गाईड निदान एक दिवस तरी घ्या, यूट्यूब बघून फिरलं की पैसे वाचतात पण बायोनमधली मासेवाली सुटते. हत्तीवरून फेरी आता नाहीच. २०१६ मध्ये पर्यटकांना घेऊन चाललेली हत्तीण चाळीस अंशांच्या आसपासच्या उन्हात रस्त्यातच कोसळून मेली, त्यावर खूप ओरड झाली आणि २०२० पर्यंत अंगकोरमधल्या फेऱ्या बंद झाल्या. दुसरीकडे कुठे कुणी दाखवली तर बसू नका.

सातवी : दान करताना हात आवरा

हे मी चुकून शिकलेय, म्हणून जरा सविस्तर.

पहिल्या ट्रिपला मी सिएम रीपजवळच्या तळ्यावर तरंगतं गाव बघायला गेले. तोन्ले साप हे तळं अजब आहे, पावसाळ्यात मेकाँग नदी फुगली की तळ्यातून तिला मिळणारी नदी उलटी वाहायला लागते आणि तळं अडीच हजार चौरस किलोमीटरचं पंधरा हजारांपर्यंत पसरतं. बोटवाल्याने मधेच एका तरंगत्या दुकानापाशी बोट लावली, म्हणाला अनाथ मुलांची शाळा आहे, तांदळाचं पोतं घ्या, पन्नास डॉलर. पोरं समोर, तांदूळ समोर, माझे डोळे भरलेले. घेतलं. शाळेत दिलं, फोटो काढला. परत येताना वळून बघितलं तर तेच पोतं दुसऱ्या बोटीतून दुकानात परत चाललं होतं. त्या तळ्यावर हा प्रकार जुनाच आहे हे मला गेस्ट हाऊसच्या मालकिणीने संध्याकाळी हसत हसत सांगितलं. आता जायचं तर कंपोंग ख्लेआंगसारख्या लांबच्या गावात जा, सप्टेंबर ते जानेवारी, पाणी असताना, आणि लोकांच्या घरात डोकावून फोटो काढू नका. तुमच्या चाळीच्या गॅलरीत बोटीतून कुणी लेन्स घुसवली तर?

अनाथाश्रम भेट हा तर त्याहून वाईट प्रकार. मुलं नाचून दाखवतात, तुम्ही वह्या-पेन्सिली देता, सगळ्यांना छान वाटतं. युनिसेफच्या पाहणीत असं निघालं होतं की तिथल्या अनाथाश्रमांतल्या चारातल्या जवळपास तीन मुलांचे आई किंवा बाप जिवंत आहेत. गरिबीमुळे, शिक्षणाच्या आशेने घरातून आणलेली. पर्यटक वाढले तसे आश्रम वाढले, हे गणित कळायला गणिताचा मास्तर नको. देवळाबाहेर दहा पोस्टकार्डं एक डॉलर म्हणणाऱ्या पोरीकडूनही घेऊ नका. ती गोड असते, तिला पाच भाषांत आकडे येतात, आणि जोपर्यंत विकलं जातंय तोपर्यंत तिला शाळेत कोण पाठवेल. चॉकलेटही नाही. मन घट्ट करा आणि तेच पैसे तिच्या आईच्या वयाच्या बाईकडून नारळपाणी घेऊन द्या.

मग द्यायचं कुठे? एक, 'फार' (Phare) नावाची सर्कस बघा, सिएम रीपला रोज संध्याकाळी. निर्वासितांच्या छावणीत चित्रकला शिकलेल्या मुलांनी परत येऊन १९९४ मध्ये बात्तामबांगला शाळा काढली, त्या शाळेतून तयार झालेले कलाकार हे. प्राणी नाहीत, नुसती माणसं, आणि तिकिटाचा पैसा शाळेला. दोन, युद्धात पेरलेले सुरुंग शोधणाऱ्या उंदरांचं केंद्र बघा. होय, उंदीर, घुशीएवढे आफ्रिकन. वजनाने हलके म्हणून सुरुंग फुटत नाही आणि वासावरून स्फोटकं ओळखतात. मगावा नावाच्या उंदराने शंभरावर सुरुंग आणि स्फोटकं शोधली, २०२० मध्ये त्याला शौर्याचं सुवर्णपदक मिळालं, २०२२ मध्ये म्हातारा होऊन मेला. मावशी आयुष्यभर उंदराला बघून खुर्चीवर चढणारी, तिने एकाला कडेवर घेऊन फोटो काढला. (आडरानातल्या देवळांपाशी वाट सोडून झुडपात जाऊ नका, लघवीलासुद्धा, कारण हेच.)

तीन, कांथा बोफा. स्वित्झर्लंडचे डॉक्टर बीट रिश्नर यांनी नव्वदच्या दशकात ही मुलांची हॉस्पिटलं परत उभी केली, उपचार फुकट. सिएम रीपमधल्या हॉस्पिटलचं नाव सातवा जयवर्मन. रिश्नर दर शनिवारी तिथे चेलो वाजवायचे आणि कार्यक्रमानंतर पर्यटकांकडे मागायचे, म्हाताऱ्यांकडून पैसे आणि तरुणांकडून रक्त. २०१८ मध्ये ते गेले. रक्त द्यायचं असेल तर आधी चौकशी करून जा, अर्ध्या तासाचं काम आहे, आणि ते पोतं कुणी परत दुकानात नेत नाही.

आठवी : खाण्याचं

शाकाहारी लोकांनी 'नो मीट' एवढंच सांगून भागत नाही, कारण फिश सॉस त्यांच्या हिशोबात मीट नाही, आणि प्राहोक म्हणजे आंबवलेल्या माशाचा लगदा कशातही असू शकतो. शुद्ध शाकाहाराला 'बुअस' म्हणतात, तो शब्द सांगितला की लगेच कळतं. मासे खाणाऱ्यांची चैन आहे. आमोक खा, मासा नारळाच्या दुधात आणि वाटणात केळीच्या पानाच्या द्रोणात वाफवलेला, मालवणी माणसाला पहिल्या घासाला ओळख पटेल. बरोबर नेलेला चिवडा-पुऱ्या हॉटेलच्या खोलीत खा, दुसऱ्याच्या टेबलावर डबा उघडून बसू नका.

घरी आणायला दोन गोष्टी. क्रामा, चौकटीचं सुती कापड, आपल्या पंच्यासारखं हरकामी, मातीत काम करताना डोक्याला, पोराला झोळीला, घाम पुसायला. हातमागाचं विणणारीकडूनच मिळालं तर उत्तम. आणि कांपोतची मिरी. ख्मेर रूजच्या काळात मिरीचे मळे गेले, सगळीकडे भातच हवा होता त्यांना, नंतर शेतकऱ्यांनी परत लावले आणि २०१० मध्ये त्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला. सीलबंद, शिक्का असलेलं पाकीट घ्या. तिकडे मिरीला 'म्रेच' म्हणतात, आणि तिचं एक सोपं तोंडीलावणं करतात, ताजी भरडलेली मिरी, मीठ, वरून लिंबू पिळायचं, बस. मावशी ते उकडलेल्या कणसावर घालते, पाकीट तीन महिन्यांत संपलं, आता कोण जातंय म्हणून विचारत असते.